विश्लेषण : गरोदरपणातील लाल गोळीचा परळशी काय संबंध? कोण होत्या लुसी विल्स?

देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची गर्भवती महिला तपासणीला आली की तिचे रक्त तपासले जाते आणि घरी जाताना तिच्या हातात लाल गोळ्या दिल्या जातात. गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही, असे आशाताई बजावून सांगतात. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. लोहाबद्दल बहुतेकांनी ऐकलेले असते. फॉलिक ॲसिड मात्र गोळीच्या नावातला दुसरा शब्द म्हणूनच उरते.

या दुसऱ्या घटकाचा माग पहिल्यांदा लागला तो मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत. रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो चाकरमानी ज्या गिरणगावात पोटासाठी गेले, त्याच गिरणगावात ही संस्था आहे. तिथे १९२८ साली आलेल्या एका इंग्रज महिला डॉक्टरने गरीब बायकांच्या रक्तात आणि ताटात काय कमी आहे, याचा शोध सुरू केला. त्यांचे नाव लुसी विल्स.

लुसी विल्स कोण होत्या?

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घरचा कारखाना विळे, कोयत्यांसारखी धारदार अवजारे बनवण्याचा होता. वडील विज्ञानाचे पदवीधर होते आणि आई एका डॉक्टरची मुलगी. भाऊ लिओनार्ड पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. घरात विज्ञानाचे वातावरण होते आणि मुलीने शिकण्याला कुणाचा विरोध नव्हता.

चेल्टनहॅम येथील मुलींच्या शाळेनंतर लुसी यांनी १९०७ साली केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९११ मध्ये त्यांनी परीक्षा पूर्ण केली, पण पदवी मिळाली नाही. परीक्षा द्यायला स्त्रियांना परवानगी होती, पदवी मात्र पुरुषांनाच दिली जात असे. केंब्रिजने हा नियम बदलला तो थेट १९४८ मध्ये.

डॉक्टर व्हायचे कसे ठरले?

१९११ मध्ये वडील गेले. दोन वर्षांनी बहीण एडिथही गेली. ती अवघी २६ वर्षांची होती. त्यानंतर लुसी आईबरोबर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाऊन आल्या. १९१४ मध्ये त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या आणि तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. केपटाउनच्या एका रुग्णालयात त्यांनी काही आठवडे स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले.

मायदेशी परतल्यावर जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाशी जोडलेल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. १९२० मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या. पण दवाखाना थाटण्यात त्यांना रस नव्हता. त्यांनी रॉयल फ्रीमध्येच अध्यापन आणि संशोधन सुरू केले. गरोदरपणात शरीरात कोणते रासायनिक बदल होतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

मुंबईत येण्याचे कारण काय?

त्या काळात भारतात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न गंभीर होता. भारतात दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी माता मृत्यूंच्या चौकशीचे काम हाती घेतले होते. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ही संस्था त्यामागे होती. याच संस्थेची पुढे आजची ‘आयसीएमआर’ झाली. गरोदरपणातील एका तीव्र रक्तक्षयाचा उलगडा करण्यासाठी बाल्फर यांनी लुसी विल्स यांना बोलावून घेतले.

विल्स यांनी काम सुरू केले ते १९२८ हे वर्ष गिरणगावासाठी साधे नव्हते. एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने गिरण्यांचा संप चालला होता. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात कामगार स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला. गिरणीत काम करणाऱ्या बाईचे बाळंतपण हा सार्वजनिक चर्चेचा विषय होऊ लागला होता.

डॉक्टरांपुढचे कोडे असे होते. गिरणी कामगार वस्तीतल्या गरीब गर्भवती स्त्रिया फिकट पडत, धाप लागे, पायांवर सूज येई. रक्त तपासले तर लाल पेशींची संख्या फारच कमी दिसे. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे उलटे होते. पेशी कमी होत्या, पण त्या नेहमीपेक्षा मोठ्या होत्या.

लाल पेशी कशी जगते?

या कोड्याचे उत्तर समजण्यासाठी आधी लाल पेशीचे आयुष्य पाहावे लागेल. ही पेशी हाडांमधल्या मज्जेत तयार होते. रक्तात उतरण्यापूर्वी ती आपले केंद्रक टाकून देते. त्यामुळे प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला जागा मिळते, पण पेशीला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. तिचा आकार सुमारे ७ ते ८ मायक्रॉन आणि आयुष्य साधारण १२० दिवस.

या १२० दिवसांत ती केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांतून हजारो वेळा पिळवटून निघते. झीज होते, तसे तिच्या पडद्याचे इवलेसे फुगे सुटत जातात. शास्त्रज्ञ त्यांना सूक्ष्म पुटिका म्हणतात. त्या इतक्या लहान असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. खराब झालेले हिमोग्लोबिन आणि पडद्याचे बिघडलेले तुकडे या पुटिकांतून बाहेर टाकले जातात. यकृत आणि प्लीहेतील सफाई करणाऱ्या पेशी त्या लगेच उचलतात. लाल पेशी आपल्या आयुष्यात सुमारे २० टक्के हिमोग्लोबिन अशा पुटिकांवाटे गमावते, असे संशोधनातून दिसले आहे. रक्तपेढीतल्या पिशवीतही हेच घडते. रक्त जितके जुने, तितक्या पुटिका अधिक.

मुद्दा असा की लाल पेशी हळूहळू झिजत जाते आणि शेवटी मोडीत निघते. तिची जागा घ्यायला शरीराला दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या लाल पेशी तयार कराव्या लागतात. हा कारखाना एक दिवसही बंद ठेवून चालत नाही. गरोदरपणात आईच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण बरेच वाढते आणि पोटातले बाळही वाढत असते. म्हणजे कारखान्यावर दुहेरी ताण. अशा वेळी कच्चा माल कमी पडला तर रक्तक्षय होणारच.

विल्स यांना शोधायचा होता तो हाच कच्चा माल.

विल्स यांनी ताटात काय पाहिले?

सुरुवातीला त्यांनी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. मलमूत्र, रक्त यांच्या तपासण्या केल्या. या आजाराचे मूळ जंतूंत सापडेना. मग त्यांनी आहाराकडे मोर्चा वळवला. मुंबईतील वेगवेगळ्या आर्थिक आणि सामाजिक थरांतील स्त्रिया काय खातात, कशा परिस्थितीत राहतात, याची पाहणी झाली. एम. एम. मेहता आणि एस. एन. तळपदे हे त्यांचे मुंबईतील सहकारी होते. या कामावरील निबंध १९३० मध्ये भारतातील वैद्यकीय संशोधन पत्रिकेत प्रसिद्ध झाले.

पाहणीतून एक गोष्ट ठळक झाली. ज्यांचा आहार सर्वांत निकस, त्यांच्यातच हा रक्तक्षय सर्वाधिक होता. गरीब मुस्लीम स्त्रियांना त्याचा सर्वांत मोठा फटका बसत होता. खात्यापित्या घरांतल्या स्त्रियांत हा आजार क्वचित आढळे. म्हणजे बाईच्या रक्तातला दोष तिच्या घरच्या उत्पन्नाशी जोडलेला होता. पण आहारातली नेमकी कोणती गोष्ट कमी होती?

उंदीर, माकडे आणि यीस्ट : प्रयोग काय होता?

इथे विल्स यांची पद्धत कामी आली. त्यांनी एकेक शक्यता घ्यायची, तपासायची आणि बाद करायची, असे सुरू केले. प्रयोगशाळेतील उंदरांना मुंबईच्या गरीब स्त्रियांसारखाच आहार दिला. उंदरांना रक्तक्षय झाला. वेगवेगळी जीवनसत्त्वे देऊन पाहिली. आहारात यीस्टची भर घातल्यावर मात्र रक्तक्षय टळला.

पण या प्रयोगात एक अडचण निघाली. उंदरांना उवांमुळे संसर्ग झाला होता आणि त्यामुळे निष्कर्ष पूर्ण भरवशाचे राहिले नव्हते. मग हेच काम माकडांवर पुन्हा करण्यात आले. यासाठी विल्स केवळ मुंबईत थांबल्या नाहीत. १९२९ च्या उन्हाळ्यात त्या निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत होत्या, तर १९३१ च्या सुरुवातीला मद्रासच्या स्त्री रुग्णालयात.

याच सुमारास रक्तक्षयावर यकृताचा उपचार जगभर गाजत होता. १९२६ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी एका जीवघेण्या रक्तक्षयात यकृत खायला देऊन रुग्ण बरे केले होते. त्यातून यकृताचा शुद्ध अर्क बाजारात आला. विल्स यांनी पाहिले की यकृताचा कच्चा अर्क त्यांच्या रुग्णांना लागू पडतो, पण शुद्ध केलेला अर्क पडत नाही. याचा अर्थ सरळ होता. शुद्ध करताना जे काही निघून जात होते, त्याचीच या स्त्रियांना गरज होती. हा घटक यकृतात होता आणि यीस्टमध्येही होता.

यकृताचा अर्क महाग. गिरणगावातल्या बाईला तो परवडणे शक्य नव्हते. विल्स यांनी स्वस्त पर्याय वापरला, तो म्हणजे मार्माइट. बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टपासून तयार होणारी ही काळपट, खारट, घट्ट चटणी. इंग्लंडमध्ये ती पावाला लावून खातात. गर्भवती रुग्णांना ती देताच काही दिवसांतच रक्तात नव्या, ताज्या लाल पेशी वाढू लागल्या. स्त्रियांच्या अंगात ताकद येऊ लागली. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले.

‘विल्स घटक’ म्हणजे काय?

यीस्टमधला तो घटक नेमका कोणता, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हटले जाऊ लागले. १९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सुमारे चार टन पालकातून एक पदार्थ वेगळा काढला. पानाला लॅटिनमध्ये असलेल्या शब्दावरून त्याचे नाव फॉलिक ॲसिड पडले. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या संशोधनाचे नेतृत्व करणारे शास्त्रज्ञ भारतीय होते, आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव.

मग पेशी मोठ्या का होत होत्या, याचाही उलगडा झाला. मज्जेतील पेशीचे विभाजन होण्याआधी तिच्यातील डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. त्यासाठी फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचे नैसर्गिक रूप लागते. ते नसेल तर पेशी वाढत राहते, पण तिचे दोन भाग होत नाहीत. अनेक पेशी मज्जेतच नष्ट होतात. ज्या बाहेर पडतात त्या आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात. परळमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या त्या याच.

पुढे विल्स यांचे काय झाले?

१९३३ मध्ये विल्स लंडनला परतल्या आणि पुन्हा रॉयल फ्रीमध्ये रुजू झाल्या. पण मुंबईशी नाते तुटले नाही. नोव्हेंबर १९३७ मध्ये त्या दहा आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या. तेव्हा इंग्लंडहून कराचीपर्यंतचा प्रवास त्यांनी विमानाने केला.

दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्येच होत्या. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयावर जर्मनीचा उडता बॉम्ब कोसळला. काही जणांचा जीव गेला, प्रयोगशाळेचे काम काही दिवस विस्कळीत झाले. युद्ध संपेपर्यंत त्या तिथल्या विकृतिशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या आणि रुग्णालयातील रक्तविज्ञानाचा पहिला विभागही त्यांनी उभा केला होता. १९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

निवृत्ती नावापुरतीच होती. जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिका इथे जाऊन त्यांनी पोषण आणि रक्तक्षयावर काम केले. लंडनच्या चेल्सी भागात त्या मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. त्यांनी लग्न केले नाही. सायकल चालवणे, डोंगर भटकणे आणि जुन्या मैत्रिणींची सोबत यांत त्या रमत. १६ एप्रिल १९६४ रोजी, ७६वा वाढदिवस महिन्याभरावर असताना, त्यांचे निधन झाले.

वैद्यकीय वर्तुळाबाहेर त्यांचे नाव फारसे कुणाला माहीत नव्हते. १० मे २०१९ रोजी त्यांच्या १३१व्या जन्मदिनी गुगलने डूडल केले, तेव्हा अनेकांनी ते पहिल्यांदा वाचले.

त्यांच्या शोधाचा आणखी कोणता उपयोग झाला?

१९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच्या बाळाच्या मेंदूत किंवा पाठीच्या कण्यात जन्मजात दोष होता, अशा स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिले गेले. पुढच्या बाळात तसा दोष येण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. गर्भाच्या मज्जासंस्थेचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. अनेकदा तोवर दिवस गेल्याचे बाईला कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असेल तर आधीपासूनच फॉलिक ॲसिड घ्यायला डॉक्टर सांगतात.

भारतात १९७० पासून लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. २०१८ मध्ये ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहीम सुरू झाली. गर्भवतींसाठी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लाल गोळी आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, असे त्यात ठरले आहे.

मग प्रश्न सुटला का?

नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय होता. गर्भवतींमध्ये हे प्रमाण ५२.२ टक्के होते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिला रक्तक्षयी आढळल्या. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे तो कमी होण्याऐवजी वाढला.

यातला मोठा वाटा लोहाच्या कमतरतेचा आहे. पण फोलेट आणि बी-१२ यांची कमतरताही त्यात असते. गोळी मिळाली तरी ती पोटात जातेच असे नाही. मळमळते, शौचाला काळे होते, बाळ फार मोठे होईल अशी भीती असते. त्यामुळे पाकीट फडताळात पडून राहते. कोकणात बाळंतपणाच्या सोयीसाठी झगडलेल्या माणसांना हे नवे नाही. गेल्या शतकाच्या पन्नाशीत इंदिराबाई हळबे यांनी देवरुखात मातृमंदिरचे छोटे प्रसूतिगृह उभे केले, तेव्हाही खेड्यातल्या बाईपर्यंत उपचार पोहोचवणे हेच मोठे काम होते.

आणि ताटाचा प्रश्न तर आहेच. फोलेट मिळते ते हिरव्या पालेभाज्यांतून, चवळी, मूग, हरभरा अशा कडधान्यांतून, शेंगदाण्यांतून. पण पालेभाजी खूप शिजवली किंवा उकळून पाणी फेकून दिले की त्यातले बरेच फोलेट जाते. घरात सगळ्यांची जेवणे उरकल्यावर तळाशी उरलेला भात आणि आमटी एवढ्यावर बाईचे जेवण होत असेल, तर अंगणातला माठ आणि शेवगाही तिच्या वाट्याला येत नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये काय पाहावे?

रक्ताच्या साध्या तपासणीच्या अहवालात हिमोग्लोबिनच्या खाली ‘एमसीव्ही’ असा एक आकडा असतो. लाल पेशीचा सरासरी आकार त्यातून कळतो. तो साधारण ८० ते १०० च्या दरम्यान असावा लागतो. ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया यांसारख्या कारणांचा विचार केला जातो. १०० च्या वर असेल तर फोलेट किंवा बी-१२ कमी असण्याची शक्यता असते. दोन्ही कमतरता एकत्र असतील तर आकडा मधलाच दिसू शकतो. त्यामुळे एकट्या एमसीव्हीवरून घरच्या घरी निदान करू नये.

आणखी एक काळजी घ्यायला हवी. बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक ॲसिड घेत राहिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांचे नुकसान आतून सुरूच राहते. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ ची कमतरता वारंवार आढळते. म्हणून सरकारी कार्यक्रमातील गोळ्यांखेरीज इतर औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. सरकारी केंद्रातून मिळालेली लाल गोळी मात्र टाळू नये. मळमळत असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये आणि त्रास थांबत नसेल तर आशाताईंना किंवा परिचारिकेला सांगावे.

लुसी विल्स परळला आल्या तेव्हा या रक्तक्षयाचे कारण माहीत नव्हते आणि औषधही नव्हते. आज कारण माहीत आहे आणि गोळी मोफत मिळते. आता प्रश्न उरतो तो रोजच्या गोळीचा आणि बाईच्या ताटातल्या भाजीचा.